मेळघाटातली एक चूल बघायला

"सुट्टी काढून चूल पाहाले चालली? काहून वं?" अकोल्यातून गाडी काढतानाच दादाने माझी खेचायला सुरुवात केली.

आरोग्याच्या योजना लोकांना खरंच उपयोगी पडतात का, हे तपासायचं आणि विद्यापीठात तेच शिकवायचं, हा माझा धंदा. नेपाळ झालं, मलावी झालं. अहवाल लिहिले, ते कपाटात गेले. कंटाळून यंदा नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्याआधी फक्त मेळघाटातलं ते उपकेंद्र बघायचं होतं, जिथे माझ्या पीएचडीचं काम झालं. लांबच्या वस्त्यांवरच्या गरोदर बायका तिथे बाळंतपणाआधी राहायला यायच्या आणि लगेच परत जायच्या, कारण सोबतच्या सासूला रांधायची सोय नव्हती. 'चूल हवी,' असं मी तेव्हा अहवालात लिहिलं होतं. पुढे काय झालं, देव जाणे.

अकोट, अंजनगाव करत परतवाडा गाठा. गाडीची टाकी आणि आपलं पोट, दोन्ही तिथेच भरा. घाटात दमाने चालवा, वळणावर गाई निवांत बसलेल्या असतात. चिखलदऱ्यात खोली मधल्या वारी स्वस्त पडते, आणि तिथली कॉफी प्याच. पुढे रस्ता खड्ड्यांचा, फोनला रेंज नाही.

उपकेंद्रामागे पत्र्याखाली धूर दिसला आणि गाडी थांबायच्या आत मी दार उघडलं. चुलीवर एक सासूबाई भाकरी टाकत होत्या. चूल कोणी बांधली, असं मी तिथल्या नर्सताईंना विचारलं.

"बायाइनंच मांडली, मॅडम. मंग एक साहेब आले, काढा म्हने. आमच्या डॉक्टरसाहेबानं सांगतलं, अहवालातच लिवलं हाय, चूल पाह्यजे. तवापासून कोनी हात नाही लावला."

मला रडूच आलं.

"धूर लागला काय वं?" म्हणत सासूबाईंनी मला बाजूला बसवलं आणि गरम भाकरी हातावर ठेवली.

परतताना मुद्दाम अमरावतीवरून आलो, गिला वड्यासाठी. पहिला घास घेतल्या घेतल्या दादा म्हणाला, "म्हंजे चूल तुयामुळंच झाली!"

"नाही रे. मांडली बायकांनी."

"मंग तू काय केलं?"

"मोडू दिली नाही."

"मंग ते काय कमी हाय काय?"

अकोल्याला घरी येऊन राजीनाम्याचा मसुदा पुसून टाकला. नव्या वर्गाला पहिल्याच तासाला विचारणार आहे: ही चूल कोणामुळे टिकली? कोणी पटकन फक्त माझं नाव घेतलं, तर मार्क कापणार.