टेलरमावशींचं पान

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा टेलरमावशींनी शिवलाय. माझ्या लेकीचाही. मी मापं लिहून घेऊन गेले होते, तर म्हणाल्या, "मापं कसली? बाळ आहे का सोफा? आण इकडे." तिला दोन हातांत नुसतं तोललं आणि कापड बेतायला घेतलं. तो झगा ना मानेला काचला ना काखेत. तेवीस वर्षं झाली त्याला.

चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, खिळ्याला टांगलेले कागदी पॅटर्न. मागच्या खोलीत संसार, तो नर्समावशींबरोबर. एकतीस वर्षं दोघी एकत्र राहतात. नर्समावशी त्यांना 'कात्री' म्हणतात, आणि त्याचा धंद्याशी संबंध नाही, जिभेशी आहे.

मंडळी त्यांना बहिणी म्हणायची. एक उंच आणि किडकिडीत, दुसरी बुटकी आणि गोल, नाकापासून हनुवटीपर्यंत काडीचं साम्य नाही. पण बहिणी म्हटलं की सगळ्यांची सोय व्हायची. झगे शिवून घेता येत होते, इंजेक्शनसाठी वेळी-अवेळी दार ठोठावता येत होतं. मीही बहिणीच म्हणत आले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यात मी आहे.

आमचं चर्च दर बारा वर्षांनी कुटुंब-पुस्तिका काढतं. एका कुटुंबाला एक पान. वर फोटो, खाली नावं आणि पत्ता. मागच्या पुस्तिकेत या दोघी अगदी शेवटी, 'एकट्या भगिनी' या मथळ्याखाली, दोन वेगवेगळ्या पानांवर होत्या. पत्ता एक, फोन एक, दारावरची घंटा एक. पानं दोन.

या खेपेला पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं. काळ बदललाय असं आता सगळेच म्हणतात. वरच्या कार्यालयातून पत्र आलं होतं की अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायचा की नाही, हे ज्या त्या पाळकांनी ठरवावं. आमच्या नव्या पाळकसाहेबांनी त्यावर उपदेशही केला, देवाच्या घराला दार आहे पण कडी नाही, असा. तरुण पोरं टाळ्या वाजवणार होती, चर्च म्हणून थांबली.

टेलरमावशींनी तो उपदेश खरा मानला. पुढच्या रविवारी अर्ज घेऊन आल्या. अर्ज एक, नावं दोन.

"एकच पान दे गं. हिची तब्येत बघतेस ना? पुढच्या पुस्तकापर्यंत ही राहायची नाही."

"ऐकलंस? आत्ताच पोचवतेय मला," नर्समावशी म्हणाल्या. त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. "फोटोत खुर्ची मात्र मला हवी. ही उभी राहील, हिला सवय आहे."

तो अर्ज मी समितीपुढे ठेवला. तिथेच माझं चुकलं. बाकीचे एकशे अठ्ठावीस अर्ज मी थेट फाइलला लावले होते, त्यातल्या एकालाही समितीची परवानगी लागली नव्हती.

खजिनदारकाका दोघींचे सख्खे शेजारी. त्यांच्या आईचं शेवटच्या तीन महिन्यांतलं सगळं हगणं-मुतणं नर्समावशींनी काढलं. ते म्हणाले, "माझा विरोध नाही हां. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. पण छापलेलं कायमचं राहतं हो. उद्या नातवंडांनी विचारलं तर?"

"काय विचारतील?"

"हेच, की हे कसलं कुटुंब."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "व्यक्तिशः मला काहीच अडचण नाही. पण मंडळी अजून तयार नाही."

आम्ही सात जण बसलो होतो. व्यक्तिशः एकालाही अडचण नव्हती. मग ही तयार नसलेली मंडळी कुठे बसते, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शेवटी तोडगा निघाला. एक पान देऊ, फोटोही एकत्र छापू, फक्त खाली 'भगिनी' लिहू. सगळ्यांना हायसं वाटलं. चहा आला. बिस्किटं खाल्ली. मीही खाल्ली.

मी गप्प का राहिले? गेल्या वर्षी माझ्या लेकीनं मला सांगितलं की घरी येणारी तिची मैत्रीण नुसती मैत्रीण नाही. मी तिला जवळ घेतलं, आणि त्याच दमात म्हणाले, "चर्चमध्ये मात्र मैत्रीणच म्हण." मला भीती वाटली की मी तोंड उघडलं तर सहाही माणसं माझ्याकडे बघतील, आणि मग तिच्याकडे.

निरोप द्यायला मलाच पाठवलं. टेलरमावशींनी पायाखालचं मशीन थांबवलं.

"बहीण? माझ्या सख्ख्या बहिणीनं मला घराबाहेर काढलं, एकतीस वर्षांपूर्वी. तिचं नातं हिला लावू? नावं काढून टाक आमची. आणि माझा पडदा परत दे."

पडदा म्हणजे हॉलमध्ये फोटोसाठी लावलेला गर्द निळा पडदा. तो त्यांनी स्वतःच्या कापडाचा शिवून दिला होता. रविवारी उपासना संपल्यावर त्या स्टूल घेऊन आल्या आणि एकेक हूक सोडवू लागल्या. समोर एक कुटुंब इस्त्रीच्या कपड्यांत ताटकळत बसलेलं.

"मावशी, आमचा एवढा फोटो होऊ द्या ना."

"भिंत आहे की मागे. चांगली भक्कम आहे."

पडद्याची घडी काखेत मारून त्या निघून गेल्या. उरलेल्या चौदा कुटुंबांचे फोटो ओल आलेल्या भिंतीपुढे निघाले. पुस्तिकेत ते लगेच ओळखू येतात.

महिन्याभरात नर्समावशींना दवाखान्यात ठेवावं लागलं. आता फोटोला बसवणंही शक्य नव्हतं. मी घरी फोटो लावत होते आणि पहिल्याच दिवशीचा, पडदा लावतानाचा एक फोटो हाताला लागला. फोटोवाल्यानं उजेड तपासायला म्हणून काढलेला. नर्समावशी खुर्चीत, ओंजळीत टाचण्या. मागे टेलरमावशी, गळ्यात टेप, खाली वाकून काहीतरी खोचक बोलतायत. नर्समावशी डोळे मिटून हसतायत.

तो घेऊन मी दवाखान्यात गेले. टेलरमावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितला.

"माझे केस बघ, सुगरणीचं घरटं. खाली काय लिहिणार?"

"काही नाही. बाकीच्यांच्या खाली तरी कुठे काय लिहिलंय? नावं आणि पत्ता."

"समितीला विचारलंस?"

"नाही."

"घरी विचारलंस?"

लेकीचं त्यांनी कधीच ओळखलं असावं.  फोटो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "छाप."

पानं आम्ही गल्लीप्रमाणे, घरांच्या क्रमानं लावतो. पान सत्तेचाळीसवर या दोघी आल्या. त्याच पानाच्या पाठीवर, अठ्ठेचाळीसला, शेजारचं घर. ते मला प्रुफातच दिसलं होतं. मी क्रम बदलला नाही.

पुस्तिका छापून आल्या. खजिनदारकाकांनी पहिला गठ्ठा फोडला, सत्तेचाळीस उघडलं आणि लाल झाले.

"हे कुणी छापलं?"

"मी."

"ब्लेड आणा. एक पान तर आहे, सफाईनं कापलं तर कुणाला कळणार नाही."

"कापा," मी म्हणाले. "आधी उलटून बघा."

त्यांनी पान उलटलं. पाठीमागे ते स्वतः होते, काकू होत्या, मुलगा, सून, आणि मांडीवर नातू. नातवाच्या अंगात टेलरमावशींनी शिवलेला झगा. कुणीतरी ब्लेड आणून हातात दिलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेले. अजून बोलत नाहीत. पाळकसाहेब मात्र भेटेल त्याला सांगतायत की आपली मंडळी किती पुढे गेली बघा. त्यांचा मला जास्त राग येतो.

नर्समावशींनी पुस्तिका बघितली. पान उघडून उशाशी ठेवली आहे. डॉक्टर आले की आधी फोटो दाखवतात, मग तपासू देतात.

लेकीनंही बघितली. सत्तेचाळीसवर बराच वेळ थांबली, मग आमच्या पानावर आली. फोटोच्या दिवशी ती म्हणाली होती, "मी जी आहे ती म्हणून बसू देणार असशील तर बसते. नाहीतर नको." मी तेव्हा घड्याळाकडे बघत म्हणाले होते, "पुढच्या वेळी बघू."

तिनं पुस्तिका मिटली. "आई, दुसऱ्यांसाठी जमलं की तुला."

पुढची पुस्तिका बारा वर्षांनी. आमच्या पानावर मी आणि हे आहोत, निळ्या पडद्यापुढे, आणि आमच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. फोटोवाला दोनदा म्हणाला होता, जवळ सरका.