टेंडर बघायला जाणारे तात्या

टेंडर उघडताना नुसतं बघायला जाणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा सासरा निघाला. लोक ज्या हौसेनं जत्रेतली कुस्ती बघायला जातात, त्या हौसेनं तात्या धुतलेलं धोतर नेसून धारूरच्या सरकारी दवाखान्याच्या कचेरीत जायचे. धुलाईचं असो, झाडलोटीचं असो की रुग्णांच्या जेवणाचं, टेंडर म्हटलं की तात्या पहिल्या खुर्चीवर. "तुमचं काय काम?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "काम काय न्हाई. जनता हाय मी." जेवणाचा ठेका दरवर्षी एकाच ठेकेदाराला मिळायचा, आणि तोही त्याच्या मेहुण्याला आणि मेहुण्याच्या भावाला 'हरवून'. तात्या मोठ्यानं विचारायचे, "कावून हो, तुमच्या घरात दुसरं कुणी जिंकतच न्हाई का?" दिवाळीला ताईला आणायला गेलो असताना एकदा त्यांनी मलाही बरोबर नेलं. ठेकेदाराची माणसं आमच्याकडे रोखून बघत होती. तात्या शेंगदाणे खात होते.

खरं तर तात्या एका सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि संस्थेची एक पाटी, एक खोली आणि एक चेअरमन एवढंच उरलं. तरी ते खोली उघडून बसायचे. "बंद दिसली तर लोक समजतील, संस्था मेली," हे त्यांचं उत्तर.

त्याच दुष्काळात दवाखान्यातल्या बाळंतिणींना आंबूस खिचडी मिळते अशी ओरड झाली. वरून आदेश आला की टेंडर जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्यांसमोरच उघडायचं आणि गावातल्या सहकारी संस्थांनाही भरू द्यायचं. तात्यांनी भरलं. "जिंकायला न्हाई, नुसतं त्यांची झोप मोडायला," असं घरी सांगून गेले आणि जिंकून आले. ताई सांगते, उंबऱ्यात उभे राहिले ते पांढरेफटक. ज्याला स्वतःच्या घरातला साखरेचा डबा सापडत नव्हता, त्याला आता दवाखाना जेवू घालायचा होता.

मदतीला आल्या सखूबाई. त्या वर्षी उसालाच पाणी नव्हतं, त्यामुळे कारखाने लवकर बंद पडून तोडीच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. सखूबाई त्यांतल्याच. त्यांनी आपल्यासारख्या बायका जमवल्या आणि दूध संस्थेच्या खोलीत चुली मांडल्या. अट एकच घातली, "तात्या, तुमी फकस्त चुलीपासून लांब ऱ्हावा."

तपासणीला आल्या त्या तरुण अधिकारी बाई होत्या. बाकीचे ठेकेदार तपासणीच्या दिवशी साजूक तूप वाढतात. तात्यांनी मॅडमना दारातच गाठलं. "परवा भाकरी कच्च्या होत्या. लिहा."

"कुणाची तक्रार आलीय का?"

"मी करतोय की."

"अहो, ठेकेदार तुम्हीच आहात!"

"मग ठेकेदार काय जनता न्हाई?"

मॅडमनी हसू दाबत शेरा मारला. तात्यांनी हट्टानं नोटीस मागून घेतली आणि चुलीसमोरच्या भिंतीवर चिकटवली. सखूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण कच्ची भाकरी पुन्हा वॉर्डात गेली नाही.

एका सकाळी टँकर आलाच नाही. पिंपं कोरडी, वॉर्डात माणसं ताटाची वाट बघत बसलेली. तेवढ्यात जुना ठेकेदार गाडी घेऊन हजर. "नाव तुमचंच ठेवा. जेवण आमी चालवतो." बायका तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तात्यांनी सर्वांसमोर मॅडमना फोन लावला. "मॅडम, आज आमचं जेवण चुकणार. पाणी न्हाई. आमच्या नावावर लिहा, पर पाणी धाडा." दुपार कलायच्या आत टँकर आला. जेवण उशिरा गेलं, पण गरम गेलं. त्या उशिराचा शेराही तात्यांनी सोडला नाही.

ठेक्याची मुदत संपली तेव्हा कचेरीत मी त्यांच्या शेजारी होतो. या खेपेला गेवराईचा एक जण आला होता, जुना ठेकेदार होता, तात्या होते, आणि एक लिफाफा नव्याच महिला संस्थेचा निघाला. मॅडमनी निकाल वाचला. सखूबाईंची संस्था जिंकली होती. सखूबाईंनी पदर सावरत मान खाली घातली. तात्या उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "असं टेंडर मी जन्मात बघितलं न्हाई!"

बाहेर येऊन मात्र ते रिक्षाची वाट बघत झाडाखाली बसले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. सखूबाई मागोमाग आल्या. "तात्या, राग आला का?"

"न्हाई गं. पर सकाळी उठून आता जाऊ कुठं?"

"आमच्याकडं. चुका काढायला कुणी तरी घरचं पाह्यजेच की."

रिक्षा आली, थांबली, धुरळा उडवत निघून गेली. तात्या उठले नाहीत. जरा पुढे सरकून म्हणाले, "बरं, मग डाळ कुठली घेनार हायेस, ते सांग आधी."