बर्फावर चाललेली सौरऊर्जा

टेम्पोतून बर्फाची लादी उतरत होती आणि बर्वेसाहेब ओरडत होते, "पोत्यानं झाका! पाहुण्यांना दिसता कामा नये."

नाशिकजवळ अंबडला आमची फॅक्टरी होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी आर अँड डीत ज्युनियर इंजिनियर आणि बर्वेसाहेब आमचे मॅनेजर. साहेबांनी एक 'हायब्रिड' यंत्र काढलं होतं. वर सोलर सेल, म्हणजे उन्हातून वीज करणारी काच. तिच्या पाठीला परदेशातून मागवलेली थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल्स. मॉड्यूल म्हणजे बिस्किटाएवढी चपटी चकती. तिची एक बाजू तापलेली आणि दुसरी गार ठेवली, की वीज निघते. सेल उन्हात तापतोच, मग ती उष्णता वाया का घालवायची? एकाच सूर्याकडून दोनदा वीज, असं साहेब सगळ्यांना सांगत.

कल्पना वाईट नव्हती. फक्त सेल तापला की त्याची वीज घटते. त्याला गारवा हवा आणि मॉड्यूलला ताप. त्यात ही मॉड्यूल्स सेलच्या पाठीवर गोधडीसारखी बसली. उष्णता बाहेर पडेना. दुपारपर्यंत मॉड्यूलच्या दोन्ही बाजू सारख्याच तापत, म्हणजे तीही बंद पडल्यात जमा.

मी मोजलं आणि केबिनमध्ये गेले.

"सर, दोन्ही मिळून जेवढी वीज येते, त्यापेक्षा एकटा सेल जास्त देतो."

"गांगुर्डे, तुमचा ॲप्रोच निगेटिव्ह आहे."

"मीटर निगेटिव्ह आहे, सर."

"मागून पाणी फिरवा."

"पंप लागेल. मॉड्यूल्स जेवढी वीज देतात, त्याहून जास्त पंप खाईल."

साहेब विचारात पडले. त्या विचारातून बर्फ निघाला.

मुंबईहून चेअरमन आले. मॉड्यूल्सखाली पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये बर्फ आणि सगळ्याभोवती सॅटिनचा पडदा. मीटरचा काटा टुणकन वर गेला. टाळ्या पडल्या. तो गोठवायला बर्फाच्या कारखान्याने जी वीज जाळली होती, तिचा एक अंशही त्या काट्यात नव्हता. पण बर्फाच्या कारखान्याला कुणी निमंत्रण दिलं नव्हतं.

तेवढ्यात चेअरमननी बूट मागे घेतला. "पाणी गळतंय का?"

"कंडेन्सेशन, सर," साहेब म्हणाले. चेअरमननी मान डोलावली.

इथवर सगळं ठीक होतं. पण चेअरमन खूश झाले आणि म्हणाले, "पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राला हे आपल्यातर्फे भेट द्या. बाळंतपणाच्या खोलीत दिवा नाही तिथे."

साहेबांचा चेहरा उतरला. चेअरमनची गाडी गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "गांगुर्डे, तुम्ही जाऊन बसवून या."

उपकेंद्राच्या नर्स गावितबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी जीपमधलं खोकं पाहिलं, मग मला पाहिलं.

"मागं एक साहेब पवनचक्की बसवून गेले," त्या म्हणाल्या. "फोटो काढून गेले. ती फिरत नाय. तुमचा दिवा लागंल का, तेवढं सांगा."

आत एक बाई कण्हत होती. तिची सासू कोपऱ्यात कंदिलाची काच पुसत बसली होती. अशा वेळी हायब्रिडचं महत्त्व समजावून सांगायला मला जमलं नसतं.

"लागेल," मी म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. सगळी मॉड्यूल्स उतरवली. पॅनेल छपरापासून वीतभर उचलून बसवलं, म्हणजे खालून वारा खेळेल. वायर खोलीत घेतली, बॅटरी जोडली आणि ट्यूब लावली. ट्यूब लागली. गावितबाईंनी ती बंद करून, पुन्हा लावून खात्री केली. पवनचक्कीने त्यांना एवढं शिकवलं होतं.

परत येऊन मी साहेबांच्या टेबलावर मॉड्यूल्सची पिशवी ठेवली.

"हे काय?"

"जास्तीचं होतं, सर. आता दिवा लागतो."

"मुंबईला कळवलंत?"

"रिपोर्टमध्ये लिहिणार आहे. मॉड्यूल्स काढली, असं."

त्यांनी पिशवी माझ्याकडे परत सरकवली. "काढली असं लिहू नका. डिझाइन सिम्प्लिफाय केलं असं लिहा."

मी 'काढली' असंच लिहिलं. साहेबांनी टाइप करायला देण्याआधी ते 'सिम्प्लिफाय' केलं. मुंबईत कौतुक झालं, आणि वर्ष संपायच्या आत साहेब हेड ऑफिसला जनरल मॅनेजर म्हणून गेले.

मॉड्यूल्स मी आमच्या पेंट शॉपमधल्या, रंग वाळवायच्या भट्टीच्या धुराड्याला बसवली. एका बाजूला तापलेला पत्रा, दुसऱ्या बाजूला नळाचं पाणी. तिथे ती निमूट काम करत राहिली. भट्टी जास्त तापली की वाजणारी धोक्याची घंटा त्यांच्यावर चाले.

पुढे पाहणीला गेले, तेव्हा गावितबाई हात धूत होत्या. "आता टाके घालताना कंदील धराया माणूस लागत नाय," एवढंच म्हणाल्या. आमच्या हायब्रिडबद्दल यापेक्षा चांगला रिपोर्ट मी वाचलेला नाही.

धडा इतकाच : दोन वस्तू जोडण्याआधी कोण कुणाच्या जिवावर चालणार आहे, ते मोजून घ्यावं. यंत्रांसाठी मीटर मिळतो. ऑफिसात मात्र बढतीपर्यंत थांबावं लागतं.