ताकदीच्या गोळ्या

मंजुळाच्या घरात सुगंधा राहते, हे फक्त मंजुळालाच माहीत होतं. सुगंधा तिची थोरली बहीण. खटावकडे कालव्यावर धुणं धुताना तिला फिट आली आणि ती पाण्यात गेली, त्याला वर्षं लोटली. घरच्यांनी गावभर सांगितलं, पाय घसरला. फिट येणारीच्या बहिणीला कोण करून घेणार? मंजुळाचं लग्न त्या थापेवर पार पडलं. नवरा, भगवंत, तारापूरच्या कारखान्यात लागला, म्हणून ती बोईसरला आली. सुगंधाही आली. मोरीत बादली भरताना ती ओल्या केसांनी पाठीशी उभी असायची.

मग एके दिवशी लेकीचे, स्वराचे, डोळे ताटावरच थिजले. पालघरच्या डॉक्टरांनी फिट येत असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, एकही चुकवू नका म्हणाले. सासूनं, नर्मदाबाईंनी, रिक्षातच निकाल दिला, "पोरीच्या जातीचं हाय. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाय."

माहेरी शिकली तेच मंजुळानं सासरी गिरवलं. गोळ्या पाकिटातून सोडवून टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. कोणी विचारलं तर ताकदीच्या गोळ्या. घरात, दारात, सगळ्यांना, खुद्द स्वरालासुद्धा हेच उत्तर.

कॉलनीतल्या बालमंडळाची सहल निघाली समुद्रकाठच्या दातिवऱ्याला, एक मुक्काम. मंडळ चालवणाऱ्या उषाताई म्हणजे शिस्तीचं काम. टेम्पोत चढण्याआधी प्रत्येक मुलाचं औषध त्या आपल्या डब्यात घेत, वर नावाची चिठ्ठी डकवत आणि वेळेवर स्वतःच्या हातानं देत. स्वराची बाटली त्यांनी उजेडात धरली.

"ही कशाची?"

"ताकदीच्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एकेक."

"मग राहू दे तिच्याकडेच. खऱ्या औषधांनीच डबा भरलाय माझा."

बाटली स्वराच्या पिशवीत परत गेली. मंजुळानं पिशवीची चेन लावली. चारचौघी उभ्या होत्या, सासू शेजारी होती. टेम्पो निघाला तेव्हा मागच्या फळीला धरून सुगंधा बसलेली तिला दिसली. हे खरं नव्हे, एवढं तिलाही कळत होतं. दिसली मात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातून काही धड होईना. भाकरी करपली. नळ सोडला की पाण्याच्या आवाजात कोणी हाक मारतंय असं वाटे. शेवटी तिनं फोन लावलाच.

"ताई, स्वरानं गोळी घेतली का?"

उषाताई हसल्या. वाऱ्यानं आवाज तुटत होता. "अहो, लेक भारी दिलदार तुमची! काल कबड्डीआधी सगळ्या टीमला वाटून टाकल्या, जोर यायला म्हणून. बाटली रिकामी! जोर कसला, पोरं जेवता जेवता पेंगायला लागली. काही तर अजून आडवीच आहेत."

"स्वरा कुठंय?"

"पाण्यात. ती कुठली ऐकतेय!"

तांदूळ पाखडणाऱ्या नर्मदाबाईंनी हातातलं सूप थांबवलं आणि सुनेकडे रोखून पाहिलं. लग्न झाल्यापासून मंजुळा त्या नजरेला घाबरत आली होती.

"फिटच्या गोळ्या होत्या त्या!" ती किंचाळली. "माझ्या पोरीला फिट येते. काढा तिला पाण्यातनं, ताई! आणि ज्यांनी खाल्ल्या त्यांना दवाखान्यात न्या!"

कॉलनीतल्या त्यांच्या चाळीत दारं उघडीच होती. शेजारचा मिक्सर बंद पडला. फोनमधून धावण्याचा आवाज येऊ लागला. उषाताई ओरडत होत्या, "स्वराला बाहेर काढा, तिला फिट येते!" मग किनाऱ्यावरच्या कोण्या कोळणीचा दणदणीत आवाज आला, "पोरी, भायेर ये! आयकाला येत नाय काय?" त्यानंतर नुसता वारा. मंजुळा भिंतीला टेकून खाली बसली. मोरीकडे तिनं पाहिलं नाही. तिथं कोण उभं असेल ते तिला माहीत होतं.

"आली, बाहेर आली," उषाताई धापा टाकत म्हणाल्या. "धड आहे. टेम्पो बोलावलाय, सगळ्यांनाच पालघरला नेते. अहो, मला का नाही सांगितलंत?"

तेवढ्यात फोन लेकीच्या हातात गेला. मागे पोरांची कुजबुज ऐकू येत होती.

"आई," स्वरा म्हणाली, "मला फिट येते?"

नर्मदाबाई मान हलवत होत्या. नाही म्हण, नाही म्हण.

"येते, बाळा," मंजुळा म्हणाली. "आधी ताईंचा हात घट्ट धर. मग सांगते."