तिघांतली सेंटरची जागा

बास्केटबॉलला दोन पंच असले की काम सरळ असतं. एक बास्केटखाली, दुसरा मागे. चेंडू जाईल तिकडे जायचं. कुवेतमध्ये बँकेची नोकरी सांभाळून मी शुक्रवारचे सामने अशाच पद्धतीने केले. मग आमच्या लीगने मोठ्या सामन्यांना तीन पंच ठरवले आणि त्यासाठी पंचांची परीक्षा ठेवली.

तिघांत लीड बास्केटखाली शेवटच्या रेषेवर असतो. ट्रेल त्याच बाजूला, मागे मध्यरेषेजवळ. सेंटर समोरच्या बाजूला एकटा. खेळ सेंटरच्या बाजूला सरकला की लीड बास्केटखालून तिकडे जातो. तो निघाल्यावरच सेंटर मागे सरकून ट्रेल होतो आणि आधीचा ट्रेल पुढे येऊन सेंटर. कागदावर मला हे पाठ होतं.

खैतानमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सराव चाले. शिकवणारा फिलिपिनो प्रशिक्षकच परीक्षा घेणार होता. माझ्याबरोबर एक इजिप्शियन शिक्षक होता आणि विमा कंपनीतला माझा रत्नागिरीचा मित्र. निकाल तिघांचा मिळून एकच लागणार होता. मित्राला या मोठ्या सामन्यांच्या पंचांच्या पॅनेलवर जायचं होतं आणि पुढच्या मोसमात तो वयाच्या अटीत बसणार नव्हता. हे त्याने मला गाडी लावताना सांगितलं. नंतर तो विषय त्याने काढला नाही.

सरावात चेंडू माझ्या बाजूला आला की मी सेंटरवरून तडक मागे जाई. लीड हललेलाच नसे. मग मध्यरेषेजवळ दोन ट्रेल समोरासमोर आणि खाली माझी जागा रिकामी.

“ये, ये,” ट्रेलवरचा मित्र पलीकडून ओरडला. “दोघं मिळून चहा मागवू.”

प्रशिक्षकाने खेळ थांबवला. “सर, चेंडू बघायला हॉलभर माणसं येतात. तुम्ही लीडकडे बघा.”

लीडकडे बघितलं तर माझ्या भागातले खेळाडू नजरेतून सुटत. खेळाडूंकडे बघितलं तर लीड माझ्या बाजूला कधी आला ते कळत नसे. दोन्ही कसं बघायचं, असं मी विचारलं. “सवयीने,” इजिप्शियन शिक्षक म्हणाला. सवय नेमकी कशाची करायची, हे मला तेव्हाही समजलं नाही.

परीक्षेचा सामना मीना अब्दुल्ला या औद्योगिक भागातल्या दोन कंपन्यांच्या संघांत होता. तीन डाव मी निभावले; बहुतेक वेळा समोरचे दोघं काय करतात ते बघून. शेवटच्या डावात मी सेंटरवर होतो, मित्र लीडला. चेंडू माझ्या बाजूला आला. मित्र बास्केटखालून निघाला. मी आता मागे जायचं की थांबायचं? मागे गेलो तर मी ट्रेल. मग ट्रेलवरचा शिक्षक कोण? एवढ्यात चेंडू पलीकडे फेकला गेला, तिथून एक खेळाडू बास्केटकडे घुसला आणि मित्र अर्ध्यातून उलटा फिरला. फेक हुकली. परतलेल्या चेंडूसाठी झटापट झाली आणि अगदी माझ्यासमोर एकाने दुसऱ्याला पाठीत ढकललं. मी शिट्टी फुंकली.

सामन्यानंतर प्रशिक्षकाने आम्हा तिघांना बोलावलं. गट उत्तीर्ण होता. माझ्याकडे वळून तो म्हणाला, “लीड परत फिरणार हे तुम्ही ओळखलंत. धीर धरलात. मला हेच हवं होतं.”

मित्राने माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “कसं रे ओळखलंस? मलाच माहीत नव्हतं मी फिरणार ते.”

“ओळखलं नव्हतं.”

“मग उभा का राहिलास?”

“कुठे जायचं ते सुचेना.”

तो थांबला. मग इतका हसला की गाडीला टेकावं लागलं. “मेल्या, माझं पॅनेल तुझ्या गोंधळावर झालं होय!” म्हणाला आणि घरी फोन लावला.

तो बायकोशी बोलत असताना मी पार्किंगमध्ये उभा होतो. मित्र बास्केटखाली नेमका कुठवर आला होता, हे मी आठवून बघत होतो. आणखी एक पाऊल तो पुढे आला असता, तर मी मागे जायला हवं होतं की नाही? ठरवता येईना. पुढच्या शुक्रवारी आम्हा तिघांना पहिला मोठा सामना दिला होता.