खिडकी मागावी तर डोळ्याच्या नावानं

शब्दांची मुळं खणायचं मला वेड आहे, आणि त्याला वेळकाळ कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात आरमोरीजवळच्या गावात आमचं घर बांधायला काढलं होतं. स्वयंपाकघराची तलावाकडची भिंत कमरेएवढी आली होती. मला तिथं खिडकी हवीच होती. लग्नापासून बारा वर्षं अंधारात भात रांधला होता.

"काही गरज नाई," सासरे म्हणाले. मी त्यांना मामाजी म्हणते. जन्मभर त्या तलावात जाळं टाकलेला माणूस. कमरेचं हाड मोडल्यापासून वर्षभर बाजेवर होते, आणि दिवसाकाठी चार शब्दसुद्धा बोलत नसत. त्यांची बाज त्या भिंतीजवळच टाकली होती.

त्याच सकाळी मला 'विंडो' या शब्दाचं मूळ सापडलं होतं. राहवेना. मी सांगत सुटले: हा जोडशब्द आहे, इंग्रजांनी तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या बोलीतून उचलला. तिथं 'विंडाउगा' म्हणायचे. त्यातला विंड म्हणजे वारा!

"म्हंजे हवाच येते ना अंदर? गॅस इझते," मामाजी म्हणाले. "बंद कर गा मिस्त्री."

मिस्त्रीनं लगेच वीट उचलली. मी आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता.

"अर्धाच शब्द झाला जी अजून!" मी ओरडले. आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! जाणकार तर म्हणतात, आउगा आणि आपला अक्षि एकाच कुळातले. आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. त्यांनी वारा घेतला, आपण गाय घेतली, पण डोळा दोघांनी ठेवला! मी अक्षरशः नाचत होते. मिस्त्री हसू दाबत होता.

मामाजींनी भिंतीकडे मान वळवली. मग हळूच म्हणाले, "डोळा म्हणतेस, तं तलाव दिसन काय?"

"दिसन ना."

"मले? बाजेवरून?"

मी बाजेशेजारी जमिनीवर बसले, मान त्यांच्या मानेइतकी खाली केली. समोर नुसत्या विटा. मिस्त्रीला म्हटलं, चार थर काढ.

आता माझी खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. ओटा अंधारात, उजेड पायांवर. मामाजींची बाज दिवसभर स्वयंपाकघरात. "जाळं तिकडं टाक बे, गाळात काऊन टाकून राह्यला!" असं तलावावरच्या लोकांना ओरडून सांगतात, आणि मान वळवून मला भाजीतलं मीठ विचारतात. मी फोडणी देते, ऐकते, हसते. ओट्यावर दिवा लावला की माझं भागतं.