लख्ख उन्हातले वायपर

अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आमच्या ऑफिसच्या पार्किंगकडे वळताना एका काकांच्या गाडीचे वायपर लख्ख उन्हात फिरायला लागायचे. माणूस आपल्याकडचा, हे त्यावरूनच कळायचं. भारतात इंडिकेटरची दांडी उजवीकडे, इथे त्या जागी वायपरची. दांडी हलली की स्टिअरिंगखालचं मॉड्यूल तसा निरोप पुढे पोचवतं. माणसाच्या मनातलं त्याला कळत नाही. ते मॉड्यूल टेस्ट करणं माझंच काम.

एकदा लिफ्टमध्ये मी विचारलं, "काका, नवीनच आलात?"

"छे, बरीच वर्षं झाली. पण दरवर्षी आईकडे जातो, तिकडे ड्राइव्ह करतो, हात परत तिकडचे होतात." ते उजव्या हाताकडे बघत राहिले. "यंदा आईला शेवटचं पोचवून आलो. आता सुटेल ही सवय."

बर्फ पडायच्या आत त्यांचा इंडिकेटर बरोबर लागायला लागला. मॉड्यूल निरोप चोख पोचवत होतं.